शिकवणीच्या बाजूने



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी आज इथे मोठ्या संख्येने आले आहेत. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट सगळ्यांकडून ऐकली. गुरुजी वर्गात काय शिकवत हे त्यांना आठवतेच. पण शाळा सुटल्यावर ओसरीवर दोन-तीन मुलांना समोर बसवून ते जे शिकवत, ते जास्त आठवते. म्हणून मी आजचा विषय निवडला तो शिकवणीचा.

आपल्याकडे शिक्षणावर बोलायला उभे राहिले की शिकवणीला चार शब्द सुनावायचे, अशी रीतच पडली आहे. शिकवणी म्हणजे धंदा, शिकवणी म्हणजे शाळेचा पराभव, शिकवणी म्हणजे मुलांच्या खेळण्याच्या वेळेवर दरोडा. या आरोपांत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही; त्यांच्याकडे मी शेवटी येणारच आहे. पण आज मी शिकवणीच्या बाजूने बोलणार आहे, आणि पूर्ण विश्वासाने बोलणार आहे. कारण मुलाला शिकण्यासाठी जे सर्वांत जास्त लागते आणि मोठ्या वर्गात जे सर्वांत कमी मिळते, ते चांगल्या शिकवणीत मिळते. ते म्हणजे मुलाची चूक शांतपणे ऐकून घेणारे माणूस.

आधी एक हद्द आखून घेतो. दीडशे-दोनशे मुले एका दालनात बसवून, ध्वनिक्षेपकावरून प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणारे क्लास हा माझा आजचा विषय नाही. त्या क्लासमध्ये सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढली, आणि ते योग्यच झाले. मी बोलतो आहे ती शाळकरी मुलांची शिकवणी: एक शिकवणारा आणि समोर एक, दोन, फार तर चार-पाच मुले.

ही शिकवणी आपल्याकडे कालपरवा आली का? मुळीच नाही. महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास काढून पाहा. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. पण त्या शाळेत शिकवायला उभ्या राहिलेल्या सावित्रीबाईंचे पहिले शिक्षण कुठे झाले? घरी, पती जोतीराव फुले यांच्या हाताखाली. रमाबाई रानडे अकरा वर्षांच्या असताना लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पती न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना स्वतः धडे दिले. पुढे इंग्रजीसाठी मिस हरफर्ड नावाच्या शिक्षिका घरी येत. घरातल्या बायकांचा विरोध सोसून रमाबाई शिकल्या, आणि त्याच रमाबाईंनी पुढे सेवासदन उभे केले. पंडिता रमाबाईंची गोष्ट तर त्याहून विलक्षण. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. आईने मुलीला दिलेल्या त्या शिकवणीच्या बळावर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या तरुण मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले.

या तिघींसमोर शाळेचे दार बंद होते. शिकवणीने त्यांच्यासाठी दुसरे दार उघडले. ज्यांना सगळ्यांबरोबर शिकता येत नाही, त्यांच्यापर्यंत शिक्षण पोचवणे, हे शिकवणीचे आपल्या भूमीतले जुने काम आहे. ते आजही संपलेले नाही.

आता मुद्द्यांकडे येतो. शिकवणीचे चार मोठे फायदे मला दिसतात.

पहिला फायदा: शिकवणीत मुलाची चूक दिसते.

तुम्ही म्हणाल, चूक तर वर्गातही दिसते. वहीवर लाल रेघ येतेच की! पण लाल रेघ सांगते, उत्तर चुकले, एवढेच. का चुकले, ते रेघ सांगत नाही. साधा हिशेब करू. वर्गात साठ मुले, तास पस्तीस मिनिटांचा. शिक्षकाने सगळा वेळ सारखा वाटून दिला, फळ्याकडे पाठही केली नाही, तरी एका मुलाच्या वाट्याला किती येतो? ३५ सेकंद. जगातल्या कुठल्या शिक्षकाला ३५ सेकंदांत मुलाच्या मनातली गाठ सापडेल? हा शिक्षकाचा दोष नाही. हे गणित आहे.

दुसरी-तिसरीतल्या एका मुलाला वजाबाकी दिली: ५२ वजा ३८. त्याने उत्तर लिहिले २६. आपण म्हणतो, लक्ष नाही. पण त्याला विचारा, ‘बाळ, तू कसं केलंस?’ तो सांगेल, ‘आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन.’ बघा, लक्ष आहे, पूर्ण लक्ष आहे! त्याने एक नियम बनवला आहे: मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, मग तो वर असो की खाली. तो नियम तो प्रत्येक गणितात प्रामाणिकपणे पाळतो. त्याला अशी आणखी पन्नास गणिते घातली, तर तो चुकीचा नियम आणखी पक्का होईल. त्याला दहाच्या गठ्ठ्यातल्या काड्या सुट्या करून दाखवणारा कोणीतरी समोर बसायला हवा. मग त्याला कळते की दोनातून आठ काढायचे, तर आधी एक दशक सुटा करावा लागतो. हे समजायला बऱ्याचदा एक संध्याकाळ पुरते. आणि समजले नाही, तर मूल पाचवी-सहावीपर्यंत ‘कच्चे’ म्हणून वावरते.

दुसरे उदाहरण घ्या. ‘बावन्न लिही’ म्हटले की मूल २५ लिहिते. का? कारण त्याच्या कानावर आधी ‘बा’ पडला, म्हणजे दोन, आणि मग पन्नास. जे आधी ऐकले ते त्याने आधी लिहिले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांबरोबर ‘वीस एक’, ‘पन्नास दोन’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला, आठवतो ना? गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांच्यापुढे नेमकी ही अडचण होती. कोणाला तो बदल पटला, कोणाला नाही. पण अडचण खरी आहे, हे मुलाशेजारी बसून अंक लिहून घेतलेल्या कोणालाही नाकारता येणार नाही.

आणि अपूर्णांक! एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. मूल लिहिते, दोन पंचमांश. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. वर्गात शिक्षक म्हणतात, ‘छेद समान करा,’ आणि पुढे जातात. शिकवणीत थांबता येते. भाकरी मोडून विचारता येते: ‘अर्धी भाकरी तुझ्या ताटात आहे. तिच्यात आणखी थोडी घातली. आता अर्ध्यापेक्षा जास्त झाली की कमी?’ ‘जास्त.’ ‘मग तुझे दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त आहेत का?’ इथे मूल गप्प होते. ती शांतता घाईने मोडायची नाही. त्या वेळात मूल आपलीच चूक आपल्या डोळ्यांनी पाहत असते.

दुसरा फायदा: शिकवणी मूल जिथे आहे तिथून सुरू होते.

वर्ग कुठून सुरू होतो? अभ्यासक्रमात जून महिन्याला जो धडा नेमला आहे तिथून. मूल तिथे आहे की नाही, हे पाहायला वेळापत्रकात जागा नाही. आणि मुले तिथे नाहीत, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. ‘असर’ ही पाहणी २००५ पासून ग्रामीण भारतातल्या घराघरांत जाऊन मुलांकडून वाचून घेते. २०२४ च्या पाहणीत पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला तो ४८.८ टक्के मुलांना. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांच्या हातात पाचवीचे पुस्तक आहे आणि दुसरीचा धडा त्यांना सरळ वाचता येत नाही. या मुलांना पाचवीचे भूगोल-विज्ञान काय समजणार?

आपल्या बीड जिल्ह्यातले, मराठवाड्यातले ऊसतोडणीला जाणारे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड गाडीवर चढते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. मुले बरोबर जातात. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे असे प्रयत्न झाले, होत आहेत. तरी पुष्कळ मुलांचे अर्धे शालेय वर्ष फडावर जाते. ते मूल परत येऊन वर्गात बसते, तेव्हा वर्ग अर्धे पुस्तक पुढे गेलेला असतो. त्याला काय हवे आहे? सहानुभूती हवीच, पण त्याहून अधिक हवे आहे कोणीतरी, जे नोव्हेंबरात सुटलेले पान उघडून त्याच्याबरोबर बसेल.

हे होऊ शकते, याचा पुरावा मुंबईतच आहे. ‘प्रथम’ ही संस्था इथे १९९५ मध्ये सुरू झाली. तिने ‘बालसखी’ नावाची योजना आखली. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी घ्यायची, तिला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण द्यायचे आणि तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले दिवसाचे दोन तास तिच्याकडे सोपवायची. तिने त्यांना वाचन आणि अंकगणिताचा पाया शिकवायचा. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा इथल्या पालिका शाळांत या योजनेची काटेकोर चाचणी झाली. चाचणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. निष्कर्ष काय निघाला? मुलांची प्रगती झाली, आणि ती प्रामुख्याने सर्वांत मागे असलेल्या मुलांची झाली. ही एकास एक शिकवणी नव्हती, हे मला मान्य आहे. पण तत्त्व तेच: मुलाच्या पायरीवर उतरा आणि तिथून त्याचा हात धरा. त्या तरुणींकडे मोठ्या पदव्या नव्हत्या. मोठ्या इमारती, महागडी साधने नव्हती. त्यांच्याकडे ते मूल होते आणि त्या मुलासाठी वेळ होता.

तिसरा फायदा: शिकवणीत भीती जाते.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना विचारतो. वर्गात समजले नाही, तर हात वर करता का? साठ जोड्या डोळे आपल्याकडे वळतील, मागून कोणी हसेल, सर म्हणतील ‘एवढंही येत नाही?’, हे सगळे क्षणात मनात येते आणि हात खालीच राहतो. ‘समजलं का?’ या प्रश्नाला अख्खा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’मध्ये किती ‘नाही’ दडलेले असतात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

शिकवणीच्या छोट्या खोलीत हा हात हळूहळू वर येतो. मी अशी मुले पाहिली आहेत, जी शाळेत वर्षभर एक शब्द बोलत नाहीत आणि तिघांच्या शिकवणीत आपल्या उत्तरासाठी हिरिरीने भांडतात. ‘सर, माझंच बरोबर आहे, बघा तरी!’ हे वाक्य ज्या मुलाच्या तोंडून निघते, ते मूल शिकायला लागले असे समजावे. घरात ज्याच्या आई-वडिलांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही, त्या मुलासाठी तर हे आणखी मोलाचे. सुशिक्षित घरातले मूल संध्याकाळी बाबांना, ताईला, आजोबांना विचारते. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याने कोणाला विचारायचे? त्याच्या घरी माया आहे, कष्ट आहेत, त्याला मोठे करायची जिद्द आहे; पण समीकरण समजावून सांगणारे कोणी नाही. शिकवणी त्याच्यासाठी ती जागा भरून काढते.

आणि काही मुलांच्या बाबतीत तर प्रश्न केवळ भीतीचा नसतो. बुद्धी तल्लख, बोलणे चटपटीत, पण अक्षरे जुळत नाहीत, ओळी सुटतात, स्पेलिंग रोज नवे. या मुलांना आपण कित्येक वर्षे आळशी म्हटले, ‘ढ’ म्हटले. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ आला आणि घराघरांत अध्ययन अक्षमतेची चर्चा झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला मान्यताही दिली. या मुलांना साठ जणांच्या वर्गात तोच धडा दहा वेळा सांगून फरक पडत नाही. त्यांना लागते प्रशिक्षित विशेष शिक्षकाने एकेकट्याला, पायरी पायरीने, ऐकून, लिहून, बोटाने गिरवून घेतलेले शिक्षण. त्यांच्यासाठी वैयक्तिक शिकवणी ही गरज आहे. तिला चैन म्हणू नका.

चौथा फायदा: शिकवणी पुढे धावणाऱ्या मुलाचीही सोबत करते, आणि शिकवणाऱ्यालाही घडवते.

शिकवणी म्हणजे मागे पडलेल्यांसाठी, असा एक समज आहे. मग भीमराव आंबेडकरांची गोष्ट आठवा. रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी घरी मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करवून घेतली, त्याच्या अभ्यासासाठी परळच्या एका खोलीत स्वतःची झोप मोडली. पुढे चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकरांच्या नजरेला पडला. केळुसकर त्याच्या शाळेतले शिक्षक नव्हते. तरी त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, तो १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र भेट दिले आणि पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. फी घेणारी शिकवणी ही नव्हती. पण एका मोठ्या माणसाने एका मुलावर खास नजर ठेवली, की काय घडू शकते, याचे याहून मोठे उदाहरण मला देता येणार नाही.

आणि शिकवणाऱ्याचे काय? पुण्यात वार लावून जेवणारी, माधुकरी मागणारी किती मुले लहान मुलांच्या शिकवण्या करून शिकली, याची आपल्या चरित्रग्रंथांत रांग लागेल. कर्मवीर भाऊराव पाटील साताऱ्यात आधी शिकवण्या करणारे ‘पाटील मास्तर’ होते; रयत शिक्षण संस्था पुढे १९१९ मध्ये निघाली. परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनीही चरितार्थासाठी काही काळ शिकवण्या केल्या. शिकवणी करणारा तरुण दोन पैसे मिळवतो, हे तर झालेच. पण दुसऱ्याला समजावताना त्याचे स्वतःचे ज्ञान तपासले जाते. अकरावीतल्या मुलीला सातवीतल्या मुलाला बीजगणित समजावू द्या. बीजगणित दोघांनाही येईल.

आता कोणी विचारील, हे सगळे अनुभवाचे बोल झाले. मोजून पाहिले आहे का? पाहिले आहे. १९८४ मध्ये शिकागोचे शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी एक निबंध लिहिला. चांगल्या शिक्षकाकडे वैयक्तिक शिकवणी मिळालेले सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जाते, असे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत आढळले होते. पुढच्या व्यापक अभ्यासांत फायदा इतका प्रचंड दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण २०२० मध्ये ९६ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही लाभ ठसठशीत होता. शंभर मुलांची रांग धरली, तर मधोमध उभे असलेले मूल सुमारे चौदा जागा पुढे सरकते. आणि त्या आढाव्यात तीन गोष्टी ठळक दिसल्या: लहान वयात शिकवणीचा उपयोग अधिक, शिकवणारा प्रशिक्षित असेल तर अधिक, आणि ती शाळेच्या वेळेत झाली तर अधिक.

करोनाच्या काळात शाळा बंद होत्या. आफ्रिकेतल्या बोत्सवाना देशात एक प्रयोग झाला. शिक्षक आठवड्यातून एकदा पालकाला फोन करत, मूल फोनवर येई आणि वीसेक मिनिटे गणित चाले. काही घरांत नुसते संदेश पाठवले गेले, काही घरांत संदेश आणि फोन दोन्ही. नुसत्या संदेशांनी फारसे साधले नाही. जिथे माणसाचा आवाज पोचला, तिथे मुले शिकली. स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही. साधा फोन, आणि पलीकडे ‘तू कसं केलंस ते सांग’ म्हणणारे माणूस. मला तरी यातून एकच बोध होतो. मुलाला माहिती कुठूनही मिळेल, पण त्याचे म्हणणे ऐकून घेणारा मिळाला की ते शिकते.

आता आरोपांकडे येतो. ते टाळून पुढे जाणे बरे नाही.

पहिला आरोप: शिकवणीमुळे शाळा दुबळी होते. वर्गात हात राखून शिकवायचे आणि त्याच मुलांना संध्याकाळी फी घेऊन बोलवायचे, असे घडले आहे, आणि ते निंद्यच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ ने शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणीची बंदी केली. मी त्या कलमाच्या बाजूचा आहे. पण त्याच कायद्याचे कलम २४ किती जणांनी वाचले आहे? प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पारखून गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवणे, हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, असे ते कलम सांगते. म्हणजे कायद्याने शिक्षकाची विकतची शिकवणी बंद केली, पण वैयक्तिक लक्ष शाळेतच द्यायला सांगितले. मग त्यासाठी शाळेला वेळ द्या, माणसे द्या, आणि शिक्षकांना इतर कामांतून मोकळे करा.

दुसरा आरोप सर्वांत गंभीर: शिकवणी पैसेवाल्यांची. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातली पहिली ते आठवीतली ३०.५ टक्के मुले पैसे देऊन शिकवणीला जात होती. बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होते. या आकड्यांत धंदा दिसतो, हे खरे. पण मला त्यात आणखी काही दिसते. शेतमजूर बाप पोटाला चिमटा घेऊन शिकवणीची फी भरतो, कारण आपल्या लेकराकडे कोणीतरी नीट लक्ष द्यायला हवे, हे त्याला कळते. त्याला जे कळते, ते धोरण आखणाऱ्यांना कधी कळणार? एखादी गोष्ट उपयोगी आहे आणि ती फक्त पैसेवाल्यांना मिळते, तर उपाय काय? ती सगळ्यांना मिळवून देणे, हाच.

तिसरा आरोप: मुले थकतात. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी आणखी एक शिकवणी. मैदानाचे दर्शन नाही. इथे मी आरोप करणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे. दिवसभर दामटलेल्या मुलाला शिकवणीने काही मिळत नाही. चांगल्या शिकवणीला वेळ थोडा लागतो. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, पण तेच माणूस आणि तीच नियमितता.

पालकहो, तुम्हाला एक कसोटी देतो. मुलाची शिकवणी चांगली की वाईट, हे गुणपत्रिकेवरून ओळखू नका. चार प्रश्न विचारा. तिथे माझे मूल किती बोलते? आपण कुठे चुकतो, हे त्याला सांगता येते का? शिकवणारा त्याच्या वहीत स्वतः उत्तरे लिहून देतो, की त्याच्याकडून काढून घेतो? आणि शेवटचा प्रश्न: ही शिकवणी कधी संपणार? ज्या शिकवणीला शेवट नाही, ती मुलाला पांगळे करते. चांगला शिकवणारा पहिल्या दिवसापासून आपली गरज संपवण्याच्या मागे असतो. मूल आपली चूक आपण पकडायला लागले, आपला प्रश्न आपण विचारायला लागले, की त्याचे काम झाले.

समारोपाकडे वळतो. आज मी चार गोष्टी मांडल्या. शिकवणीत मुलाची चूक दिसते. शिकवणी मूल जिथे आहे तिथून सुरू होते. तिथे भीती जाते. आणि ती पुढच्या मुलाला आणि शिकवणाऱ्यालाही वाढवते. या चारही गोष्टींच्या मुळाशी मुलाचे ऐकणारे माणूस आहे. हे माणूस आपण किती मुलांना देऊ शकतो?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक पालिका शाळेत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिसरीपर्यंत वाचन आणि अंकगणित न जमलेल्या प्रत्येक मुलाला शाळेच्या वेळेतच छोट्या गटाची, मोफत, प्रशिक्षित माणसाची शिकवणी मिळाली पाहिजे. बालसखीने दाखवले, हे आपल्याच शहरात, आपल्याच वस्तीतल्या मुलींना घेऊन करता येते. डी.एड.-बी.एड. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक मूल वर्षभर शिकवावे, आणि त्या मुलाची प्रगती त्याच्या अभ्यासक्रमाचा भाग धरावी. गावोगावच्या वाचनालयांनी आपली संध्याकाळची खोली या कामासाठी उघडावी.

आणि या सभागृहातल्या निवृत्त मंडळींनो, तुमच्याकडे आयुष्यभर जमवलेले ज्ञान आहे आणि आता थोडा वेळही आहे. एक मूल घ्या. चार नकोत, एकच घ्या. कामवाल्या बाईंचे, सोसायटीच्या वॉचमनचे, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचे. आधी शाळेत जाऊन त्याच्या बाईंशी बोला. वाचनाचा, गणिताचा पाया कसा घ्यायचा ते शिकून घ्या. मग आठवड्यातून तीन दिवस त्याच्याशेजारी बसा आणि वर्षभर त्याला सोडू नका. ज्यांच्याकडे पैसे आहेत, त्यांच्या मुलांना शिकवणी आजही मिळते आहे. ज्यांच्याकडे नाहीत, त्यांच्या मुलांना ती मिळवून देणे हे सरकारचे काम आहे, शाळेचे काम आहे, आणि तितकेच तुमचे-माझे काम आहे. त्याची सुरुवात याच आठवड्यात होऊ शकते.